खलनायक रंगवा, पण त्यानं मारलेल्या बायकांनाही घरदार द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मालिकेत खलनायकच नायक होऊन बसला की बोलणारे दोन तऱ्हेचे भेटतात. काही म्हणतात, घरात पोरंबाळं आहेत, बंद करा हे. बाकीचे म्हणतात, करमणूक आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. मला दोन्ही पटत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर आरोग्यसेविका म्हणून माझी उभी नोकरी गेली. त्यामुळं 'देवमाणूस' मालिकेतला खलनायक डॉ. अजितकुमार देव मला नुसती करमणूक म्हणून सोडून देता येत नाही. तो दाखवायलाच नको होता, असंही मी म्हणणार नाही.

झी मराठीवर ऑगस्ट 2020 ते ऑगस्ट 2021 या काळात रात्री साडेदहाला ही मालिका लागायची. गावात डॉक्टर म्हणून मिरवणारा हा माणूस मुळात कंपाउंडर. गोरगरिबाला धावून जातो म्हणून कातळवाडी त्याला देवमाणूस म्हणते आणि तो एकेका बाईला नादी लावून, तिचा पैसा-दागिना लुबाडून तिचा जीव घेतो. 'लागिरं झालं जी'मध्ये भय्यासाहेबाची दांडगाई करणाऱ्या किरण गायकवाड यांनी इथं आवाज मऊ ठेवला, नजर खाली ठेवली. तेवढ्यानं अंगावर काटा यायचा.

लेखकांना एक गोष्ट अगदी बरोबर सापडली होती, ती आधी सांगते. खोटा डॉक्टर गावात पाय कसे रोवतो, हे मी जवळून पाहिलंय. तो पैशासाठी कधी अडवत नाही. 'राहू द्या माई, सुगी झाल्यावर बघू' म्हणतो. सलाइन लावतो, कारण सलाइन लावल्याशिवाय इलाज झाला असं लोकांना वाटतच नाही. आणि मुख्य म्हणजे तो ऐकून घेतो. सरकारी दवाखान्यात जायचं तर एसटीची वाट बघा, दिवसाची मजुरी बुडवा, तिथं रांगेत उभ्या राहा. हा मात्र ओसरीवर टेकून बाईला विचारतो, 'झोप लागती का नीट?' नवऱ्यानं, सासूनं कधी न विचारलेला प्रश्न. त्या एका प्रश्नावर शहाण्यासुरत्या बायका विश्वास टाकतात. त्यांना मूर्ख म्हणायची माझी हिंमत नाही. आमच्याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता 1942 साली, वयाच्या 32व्या वर्षी गेले. असल्या माणसांनी डॉक्टर या नावाची पत वाढवून ठेवली आणि भामटे त्याच पुण्याईवर जगतात. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम 1961 सालचा आहे, नोंदणी नसताना औषधोपचार करणं गुन्हा आहे, बोगस डॉक्टर शोधायला समित्याही आहेत. तरी खेड्यात नोंदणी क्रमांक कोण विचारतं? विचारायचा असतो, हे तरी किती जणांना ठाऊक आहे? त्या मालिकेनं निदान मनात शंका तरी पेरली. हे तिचं पुण्य मी नाकारत नाही.

माझी तक्रार पुढची आहे.

त्या दिवसांत आमच्या शेजारच्या अक्का रात्री विड्या वळत वळत ही मालिका बघायच्या. मांडीवर सूप, कात्रीनं कापलेली तेंदूची पानं, चिमूटभर तंबाखू, दोऱ्याचा वेढा. पडद्याकडं बघतानाही त्यांची बोटं कधी चुकायची नाहीत. एका खुनाचा भाग संपला आणि त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, त्या बाईच्या घरी कोण रडलं का नाही हो?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मालिकेनं ते दाखवलंच नव्हतं. बाई येते, भुलते, मरते आणि गोष्ट पुन्हा डॉ. देवकडं वळते: आता हा सापडतो का निसटतो? बघता बघता आपणही त्याच्याच बाजूनं श्वास रोखून बसतो. हा नटाचा दोष नाही, लिहिणाऱ्याचा आहे. खलनायकाला भूतकाळ दिला, घाम दिला, भीती दिली, एकांत दिला. बाईला साडी आणि दागिने दिले.

निळू फुले खलनायक होऊन पडद्यावर आले की खेड्यातल्या बायका बोटं मोडायच्या, प्रत्यक्षात दिसले तरी त्यांना धास्ती वाटायची. एवढ्या सज्जन माणसाला हे सोसावं लागलं, पण ती त्यांच्या कामाला मिळालेली पावती होती. वाड्यावरच्या पाटलाचा जुलूम ज्या घरावर व्हायचा, ते घरही त्या गोष्टींत दिसायचं. आता तसं राहिलं नाही. 'रात्रीस खेळ चाले'च्या पहिल्या पर्वाची, 2016 साली, सुरुवातच खलनायक अण्णा नाईकांच्या मरणानं झाली होती. 2019 च्या दुसऱ्या पर्वात गोष्ट मागं नेऊन त्यांना जितंजागतं उभं केलं आणि अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता यांचे विनोद घरोघरच्या मोबाइलवर फिरले. अण्णा झालेल्या माधव अभ्यंकरांचं काम जबरदस्तच होतं. पण अण्णांच्या दहशतीत दिवस काढणाऱ्या त्यांच्या बायकोचे, माईंचे विनोद कुणी पाठवले नाहीत, आणि त्यांच्यासाठी कुणी हळहळल्याचंही माझ्या कानावर आलं नाही.

देवमाणसाचंही तेच झालं. डिसेंबर 2021 मध्ये दुसरं पर्व, 2025 मध्ये 'मधला अध्याय'. पात्र लोकप्रिय आहे म्हणून परत आणायचं, तर परत आणायला तो जिवंत हवा, मोकळा हवा. मग शिक्षा लांबतच जाते. टीआरपीचं गणित मला कळतं. पण या मालिकेला प्रेरणा कुठून मिळाली ते विसरून कसं चालेल? वाईजवळच्या धोममध्ये 2016 साली उघडकीला आलेलं, डॉक्टर म्हणवून घेणाऱ्या माणसावर आरोप असलेलं खुनांचं प्रकरण सगळ्यांच्या डोळ्यांपुढं आहे. त्या बायका खऱ्या होत्या. त्यांची माणसं आजही आपल्यातच राहतात, त्यांच्याही घरी टीव्ही आहे.

म्हणून वाहिन्यांना आणि लेखकांना माझी कळकळीची विनंती आहे. बंदी नको, खलनायक गुळमुळीतही करू नका. पुढचं पर्व लिहाल तेव्हा त्या बाईच्या घरातून लिहायला लागा. ती कुठं कामाला जाते, बचत गटाचा हप्ता कसा भरते, डॉक्टरकडं पहिल्यांदा कुठल्या दुखण्यासाठी गेली, रात्री परतली नाही तेव्हा पोरांना कुणी जेवायला घातलं. धोमचं प्रकरण बाहेर आलं ते बेपत्ता झालेल्या एका अंगणवाडी कार्यकर्तीच्या शोधातून. तिच्यासाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या कुणी झिजवल्या, ते दाखवा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, सोलापूर