पोरांना संध्याकाळी बसायला जागा द्या : गावकऱ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गावातल्या आणि गाव सोडून सुरत, उधना, नाशिक, पुण्याला गेलेल्या आपल्या सगळ्या माणसांसाठी सार्वजनिक वाचनालयाच्या समितीतर्फे हे पत्र आहे.

गेल्या पावसाळ्यापासून गावात काय चाललं आहे ते फोनवरून तुमच्या कानावर आलंच असेल. खांबांवरचे दिवे फुटतात. शिवारात ठिबकच्या नळ्या कापल्या गेल्या, विहिरींवरच्या केबली कापून त्यातलं तांबं भंगारात गेलं. बस स्टँडवर अमळनेरहून येणाऱ्या मुलींच्या मागे मोटारसायकली फिरतात. त्यापायी दोन घरांनी मुलींचं कॉलेजच बंद केलं. हे करणारी पोरं चौदा ते सतरा वर्षांची आहेत आणि ती आपलीच आहेत.

ऐन बोंडं धरायच्या वेळी ज्याच्या कपाशीचं पाणी तुटलं त्याचा संताप खरा आहे. ज्या मुलींचं शिक्षण थांबलं त्यांचं नुकसान तर कोणत्याच वर्गणीतून भरून निघणार नाही. ‘वयच तसं असतं’ म्हणून सोडून द्या, असं आम्ही मुळीच म्हणत नाही.

पण गावाने आतापर्यंत जे केलं त्याचाही विचार व्हायला हवा. एका पोराला भर चौकात खांबाला बांधून मारलं गेलं, त्याचा व्हिडिओ काढून गटागटांतून फिरवला गेला. तो मुलगा त्यानंतर शाळेत गेलेला नाही. पूर्वी तो त्या टोळक्याच्या कडेला असायचा, आता मधोमध असतो. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तो व्हिडिओ कुणाच्या फोनमध्ये असेल तर आजच पुसून टाका.

ग्रामसभेत बऱ्याच जणांनी सुचवलं की पोरांना एकदा पोलीस ठाण्यात नेऊन चांगला दम भरावा, म्हणजे सरळ येतील. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात असाच उपक्रम सुरू झाला होता. वात्रट मुलांना आत नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून घाबरवायचे. पुढे अशा उपक्रमांच्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा दिसलं की घाबरवलेल्या मुलांनी, ज्यांना तसं आत नेलंच नव्हतं त्या मुलांपेक्षा, नंतर जास्त गुन्हे केले. ज्या वयात दोस्तांसमोर न घाबरणं हीच प्रतिष्ठा वाटते, त्या वयात दम हा उलटा पडतो.

दुसरी गोष्ट धीर देणारी आहे. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. त्या अभ्यासाच्या आधारे मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं की किशोरवयात वाकडं वागणाऱ्यांपैकी लहानपणापासून तसे असणारे आणि पुढेही तसेच राहणारे फार थोडे असतात. बाकीचे मोठे होताना यातून बाहेर पडतात, मात्र मधल्या काळात पोलीस केस, व्यसन किंवा सुटलेली शाळा त्यांना अडकवून ठेवू शकते. आपल्या पोरांच्या बाबतीत हा मधला काळच आता गावाच्या हातात आहे.

आम्ही या पोरांशी बोललो. रात्री आठ वाजता पारावर का बसता, तर एकाने सरळ विचारलं, “मंग आम्ही कोठे बसानं?” याचं उत्तर आमच्याजवळ नव्हतं. शाळेचं फाटक पाचला बंद होतं. वाचनालयात वीस खुर्च्या आहेत, त्यांवर वडीलधारी मंडळी पेपर वाचत असतात. शाळेच्या मैदानावर लग्नाचे मांडव आणि कपाशीच्या गाड्या. उरतो पार, पानटपरी आणि नदीचा काठ. अनेकांचे वडील कामासाठी सुरतेला, आई दिवसभर निंदणी-वेचणीला. घरी विचारणारं कुणी नसतं.

आणि आपण मोठी माणसं त्यांना काय दाखवतो? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर दुपारी पत्त्यांचे डाव बसतात, त्यात कडेला उभी राहून पोरं पैसे मोजायला शिकतात. वरातीत डीजेपुढे नाचायला त्यांना पुढे करतो आणि बाटली त्यांच्या हातात देणारेही आपलेच असतात. मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्याच कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी शाळेजवळ पुड्या मिळतात. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला किंवा पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा पोरांइतकाच आपल्याकडेही बोट दाखवतो, हे मनावर घ्यायला हवं.

हिवाळ्यात आम्ही वाचनालयाचा मागचा व्हरांडा संध्याकाळी उघडा ठेवून पाहिला. विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी भरणाऱ्या एका कारागिराने स्वतःहून दोन जळक्या मोटारी आणून ठेवल्या आणि पोरांना वाइंडिंग, म्हणजे मोटारीत तांब्याची तार गुंडाळणं, शिकवायला घेतलं. ज्यांच्यावर केबलीचा संशय होता तेच सगळ्यात आधी येऊन बसले. कोणत्या तारेचं काय मोल आहे हे त्यांना आधीच ठाऊक होतं! ठिबक कापणाऱ्या तिघांना घेऊन आम्ही त्या शेतकरी दादांकडे गेलो. नळ्यांचे पैसे पालकांनी भरले, पोरांनी जॉइनर लावून सगळी लाइन जोडून दिली. दादा पहिल्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिघांना जेवायला थांबवलं.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक होते. वर्गाबरोबर छात्रालयाची जबाबदारीही त्यांनी घेतली, कारण मूल कळतं ते शाळा सुटल्यानंतर. आपल्या तालुक्याला हे नव्याने सांगायला नको.

विकास सोसायटीचं जुनं गोदाम आपल्याला संध्याकाळपुरतं मिळालं आहे. पत्रे गळतात, वीज नाही, स्वच्छतागृह नाही. छप्पर, वायरिंग, मीटर, स्वच्छतागृह आणि बाहेर व्हॉलीबॉलसाठी दोन एलईडी दिवे, असा मिळून अंदाजे १ लाख ८० हजार रुपये खर्च आहे. कॅमेऱ्यांसाठी जी वर्गणी चालू आहे ती थांबवा असं आमचं म्हणणं नाही. बस स्टँडवर एक कॅमेरा हवाच, मुलींनी तसं स्पष्ट सांगितलं आहे. पण चौकाचौकात कॅमेरे बसवण्याऐवजी उरलेली रक्कम या गोदामाला द्या. सुरतेच्या मंडळींनी आखाजीला येताना आपली वर्गणी आणावी. जळकी मोटार, जुना मल्टिमीटर, पत्रे, पंखा, काहीही चालेल.

पैशांपेक्षा अडचण माणसांची आहे. गोदामात रोज संध्याकाळी साडेसहा ते नऊ दोन मोठी माणसं हवीत. वायरमन, गवंडी, ट्रॅक्टर मेकॅनिक, निवृत्त मास्तर, जुने पैलवान, कुणीही. आठवड्यातली एक संध्याकाळ लिहून द्या आणि ती पाळा. पोरं वाट पाहतात आणि माणूस आला नाही की ती दुसऱ्यांदा वाट पाहत नाहीत. बचत गटाच्या ताईंना विनंती, की साडेपाचच्या बसला रोज दोघींनी स्टँडवर उभं राहावं. कॉलेज थांबलेल्या दोन्ही मुलींच्या घरी आम्ही गेलो होतो. सोबत मिळाली तर पाठवू, असं त्यांच्या आयांनी कबूल केलं आहे.

कुणाच्या घरी मुलाचा त्रास हाताबाहेर गेला असेल तर लपवू नका. मुलांसाठीच्या हेल्पलाइनच्या १०९८ या क्रमांकावर मदत मिळते. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असतो, त्याच्याकडे आम्ही सोबत येऊ.

नावनोंदणी आणि वर्गणी वाचनालयात संध्याकाळी सहा ते आठ. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हिशेब दर महिन्याच्या १ तारखेला वाचनालयाच्या फलकावर लागेल. गोदाम आखाजीनंतरच्या सोमवारी उघडायचं ठरलं आहे. मंगळवार आणि शुक्रवार या दोन संध्याकाळींना अजून एकही नाव आलेलं नाही.

आपली,
सार्वजनिक वाचनालय समिती