सावेडीचा प्लॉट विकू नका

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही प्लॉटला गिऱ्हाईक आल्याचं सांगितलंत आणि मी गप्प झाले. पोरीला आनंद झाला नाही, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नव्हतं हो. आवाज भरून आला होता आणि बाजूला आई बसलेली दिसत होती, म्हणून बोलले नाही. आई, तूही हे पत्र चष्मा लावून स्वतः वाच.

आधी मुद्द्याचं लिहिते. प्लॉट विकू नका. इथे इंडोनेशियात, तोराजाच्या डोंगरात, आमच्या घराचं काम सुरू झालं आहे, ईस्टरनंतर खांब उभे राहिले आणि पत्रेही चढले. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही त्याच आठवड्यात व्यवहार उरकून पैसे पाठवले असते. माझ्या जकार्ताच्या नोकरीतली शिल्लक आहे, दाऊदचा शाळेचा पगार आहे, कॉफीचं थोडंफार येतं. तेवढ्यात भागतंय.

'तुझ्या नावावर काहीतरी असावं' हे तुमचं म्हणणं मला समजतं. पण इथे माझ्या नावावर जमीन होत नाही. १९६० चा इथला जमीन कायदाच असा आहे की पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. परदेशी माणसाला वापराचा हक्क मिळतो, तोही मुदतीचा. नवरा-बायकोची मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार नसेल तर दाऊदलाही नवीन जमीन घेताना अडचण, कारण ती निम्मी माझी धरली जाते. असा करार पूर्वी लग्नाआधीच करावा लागे. २०१६ साली घटना न्यायालयाने लग्नानंतरही करायला मोकळीक दिली. आम्ही तो केला आहे, नोटरीकडे जाऊन रीतसर. तुमच्या ओळखीच्या गृहस्थांनी सुचवलेली युक्ती, दुसऱ्याच्या नावावर घ्यायची आणि आतून लिहून घ्यायचं, ती बालीत पुष्कळ लोक करतात. कायद्यापुढे ती टिकत नाही. व्यवहार रद्द होतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. त्या वाटेला जायचं नाही.

इथलं नागरिकत्व घ्यावं तर भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल. तो मी सोडणार नाही. तुमच्यापैकी कुणाला बरं नसताना मला व्हिसासाठी ताटकळायचं नाही.

मग मी राहते कुणाच्या जागेत? दाऊदच्या तोंगकोनानच्या, म्हणजे त्यांच्या घराण्याच्या मूळ घराच्या. व्हिडिओत तुम्ही पाहिलंत ना, दोन्ही टोकं वर उचललेलं छप्पर, पुढच्या खांबावर रेड्यांची शिंगं एकावर एक लावलेली, समोर भाताची कोठारं. ते घर कुणा एकाचं नसतं. ज्या पूर्वजाने ते बांधलं त्याच्या सगळ्या वंशजांचं असतं, मुलाकडून आलेले असोत की मुलीकडून. विकता येत नाही. छप्पर बदलायचं ठरलं की दूर पापुआत नोकरीला गेलेले भाऊसुद्धा पैसे पाठवतात, कारण ज्याचा हातभार लागतो त्याचा हक्क जागता राहतो.

बाबा, तुमच्या डोळ्यांपुढे मार्थाआत्या आहे, हे मला माहीत आहे. तिचं सामान ओट्यावर आणून ठेवलं होतं, ते मीही पाहिलं आहे. इथे मुलगी लग्न होऊन गेली तरी माहेरचं तोंगकोनान तिचं राहतं आणि तिच्या मुलांचंही. म्हणजे आपल्या लेआचा हक्क जन्मापासूनचा आहे, आणि तो तिच्यापासून कुणी काढून घेऊ शकत नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर घराण्याच्या बैठकीत वडीलधाऱ्यांसमोर कागद झाला आहे. जमीन तोंगकोनानची, घर आमचं, आणि घराचा खर्च व लाकूड माझ्या नावे. इथल्या रूढीत जमिनीची मालकी वेगळी आणि तिच्यावरच्या घराची वेगळी असू शकते. घर लाकडी आहे, खांबांवर उचललेलं, तुळया खोबणीत बसवून पाचरी मारलेल्या. पाचरी काढल्या की सगळं घर उतरवून दुसरीकडे उभं करता येतं. म्हाताऱ्या सुताराने प्रत्येक तुळईच्या टोकाला कोळशाने खुणा केल्यात, कुठली कुठे बसते त्याच्या. त्याने मला हाताला धरून एकेक खूण दाखवली, तेव्हा माझी तुमच्याबद्दलची निम्मी काळजी गेली.

आता जे लिहायला जड जातंय ते. आई, माझे सासरे गेले तेव्हा अंत्यविधी होईपर्यंत ते घरातच होते आणि तू फोनवर घाबरली होतीस. इथे तोवर त्या माणसाला आजारीच म्हणतात, सकाळची कॉफी त्याच्याजवळ नेऊन ठेवतात. मीही ठेवत होते, आणि खरं सांगते, मला भीती वाटली नाही. विधीला रेडे कापले गेले, काही आमचे, काही पाहुण्यांनी आणलेले. पाहुण्याचा रेडा म्हणजे देणं असतं. त्याच्या घरी प्रसंग आला की तेवढ्याच लांब शिंगांचा रेडा आपण न्यायचा. शेताची वाटणीसुद्धा आईवडिलांच्या विधीला कुठल्या मुलाने किती दिलं यावर बरीच ठरत आली आहे. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या रेड्याला मोटारीची किंमत पडते. त्यापायी भातखाचरं गहाण पडलेली घरं आमच्या गावात आहेत.

ही माणसं उधळी नाहीत, बाबा. आपल्या माणसाला मानाने पोचवणं हे त्यांचं सगळ्यात मोठं काम आहे आणि मी त्याचा आदर करते. पण सावेडीचा पैसा इथे आला की तो दिसणार, आणि दिसला की कुणाच्या तरी प्रसंगाला मागितला जाणार. मला नाही म्हणता येणार नाही, म्हणू पण नये. तुम्ही शाळा सुटल्यावर शिकवण्या घेऊन त्या प्लॉटचे हप्ते फेडलेत. ते पैसे इथल्या बोलू नावाच्या गुरांच्या बाजारात जाऊ नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

दरडींची चिंता करू नका. २०२४ च्या एप्रिलमध्ये वीस जण गेले ते दक्षिणेला मकालेकडे, आम्ही उत्तरेला सेसेआन डोंगरावर आहोत. पावसाळ्यात इथेही माती सरकते, म्हणून जागा निवडताना खडकाळ कडा बघून घेतली आणि मागे बांबूचं बेट तसंच ठेवलंय.

घर अगदी सोयीचं होतंय. स्वयंपाकाला सिमेंटचा ओटा, आईच्या उंचीचा. संडासात कमोड, भिंतीला धरायला दांडी. झऱ्याचं पाणी नळाने येतं, गीझर घेतलाय कारण रात्री गारठा असतो. खिडकीतून भातखाचरं दिसतात. प्रत्येक खाचरात मधोमध एक खोल खड्डा असतो आणि त्यात मासे पाळतात. लेआ शाळेतून आली की तिथेच. दर सहा दिवसांनी बाजार भरतो. कणीक जकार्ताहून मागवते, ज्वारी मात्र मिळत नाही, तेवढी मक्यावर भागवते. बाबा, तुमच्यासाठी चहापत्ती आणि दुधाची भुकटी आणून ठेवली आहे. इथली मिरची आईलाही झेपणार नाही इतकी तिखट आहे. तांदळाचं पीठ नि ताडगूळ मळून, तीळ लावून तळतात ती देप्पा तोरी सासूबाईंनी पहिल्यांदा दिली, तेव्हा थेट आईचे नाताळातले अनारसे आठवले आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. त्यांनी काही विचारलं नाही, आणखी एक हातावर ठेवली.

बाबा, तुम्ही सायकलच्या दांडीला टॉवेल गुंडाळून मला भिंगारला उपासनेला न्यायचात. परतताना मी झोपायचे आणि तुम्ही उतरून सायकल हातात धरून चालत यायचात, मला जाग येऊ नये म्हणून. लेआला आता मी हे सांगते. तिला तुमच्या सायकलवर बसायचं आहे.

म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन यंदा करायचं, पुढच्या वर्षी नाही. ठेव मोडा, ती त्याचसाठी आहे. दादाला रजा टाकायला मी सांगितलंय, 'त्याला त्रास नको' हे तुमचं पालुपद चालणार नाही. ऑपरेशनच्या वेळी मी येते आणि व्यायाम नीट सुरू होईपर्यंत राहते. दाऊद आणि सासूबाई लेआला बघतील, ते बोलून झालंय. रात्री स्कूटर काढायची नाही.

आई, उपासाच्या दिवशी साखरेची गोळी परस्पर बंद करतेस, ते डॉक्टरांना विचारून ठरव. रोज रात्री पावलं बघायची, अनवाणी अंगणात जायचं नाही. तीन महिन्यांची साखर तपासली की कागदाचा फोटो मला पाठव, 'नॉर्मल आहे' एवढं लिहून भागणार नाही. बाबांवर चिडू नकोस, त्यांनी प्लॉटचं माझ्यासाठी मनात आणलं होतं.

गुडघा बरा झाला की जुलै-ऑगस्टमध्ये इकडे या, तेव्हा पाऊस कमी असतो. मकासरहून रात्रीची झोपायची बस आहे, सकाळी रांतेपाओला उतरता, दाऊद गाडी घेऊन उभा असेल.

तुमची,
मनू

ता.क. गिऱ्हाइकाकडून बयाणा घेतला असेल तर लगेच परत करा आणि पावती फाडून टाकू नका, तिच्यावर 'रक्कम परत मिळाली' असं लिहून त्याची सही घ्या. प्लॉटची घरपट्टी भरल्याचा कागद दादाकडे द्या. कुंपणाची तार तुटली आहे म्हणालात, ती याच महिन्यात बसवून घ्या.