काळ्या शाईतला आकडा

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास ते बरोबरच केलंस. "मी तेव्हाच सांगत होतो" हे माझ्या तोंडून जायला नको होतं. वजन उतरवायच्या, पोटाच्या बायपास ऑपरेशनला चौदा महिने झाले, निर्णय तुझा होता, आणि तो चुकला असं मला आज वाटतही नाही. तरी बोललो. घाबरलो की माझा आवाज चढतो, हे तुझ्या आईला विचार.

रिपोर्टचा फोटो आला तसा मी सगळे आकडे वहीत उतरवून घेतले, लॅबच्या रजिस्टरात उतरवायचो तसे. हाताने लिहिल्याशिवाय मला आकडा समजत नाही. लाल छापलेले, म्हणजे मर्यादेबाहेरचे, पाच आहेत. तू त्या पाचांना घाबरलीस. माझी झोप उडाली ती सहाव्याने, आणि तो काळ्या शाईत आहे. बोलता बोलता तू म्हणालीस ना, "पाय जरा झोपल्यासारखे होतात, बसून बसून असेल." त्याच्याकडे येतो, आधी लाल आकडे संपवतो.

फेरिटिन 9. हा लाल आहे आणि खरा आहे. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि बायपासमध्ये अन्न नेमकं तो भाग चुकवून पुढे जातं. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. आधी साठा संपतो, हिमोग्लोबिन मागाहून उतरतं. म्हणून तुझं हिमोग्लोबिन 12.1 असलं तरी दुपारी तू गळून जातेस. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नकोस, मध्ये दोन तास जाऊ देत. तू एकत्रच घेतेस. तुझ्या डबीत दोन्ही एकाच कप्प्यात असतात, मी पाहिलंय.

डी जीवनसत्त्व 17, कमी; पीटीएच, म्हणजे कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक, 92, जास्त. तू म्हणालीस, कॅल्शियम तर 9.2 आहे, चांगलंय. बाळा, रक्तातलं कॅल्शियम शरीर सहसा खाली येऊच देत नाही. कमी पडलं की हाडांतून काढून आणतं, आणि ते काढायला लावतं ते हे पीटीएच. तो चांगला आकडा तुझ्या हाडांच्या जिवावर चांगला आहे. कॅल्शियम सायट्रेटच घे. कार्बोनेटला आम्ल लागतं, आणि ते आता तुझ्या जठरात पुरेसं नाही.

तिकडे रात्री पायांना पुन्हा मुंग्या आल्या का गं?

टीएसएच, थायरॉइडला चालवणारं संप्रेरक, कमी आलं म्हणून तू थायरॉइडचं काय काय वाचत बसलीस. केस गळतात म्हणून तू जी गोळी सुरू केलीस, तिच्यात बायोटिन आहे. मोठ्या डोसचं बायोटिन काही यंत्रांची मोजणीच बिघडवतं, टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दाखवतं. डॉक्टरांना ती गोळी दाखव, दोन-तीन दिवस बंद ठेवून पुन्हा रक्त दे. पण तशाच यंत्रांवर बी12 उलट जास्त दिसू शकतं. तुझं बी12 आलंय 238, हाच तो सहावा. लॅबची मर्यादा 200 पासून सुरू होते, म्हणून ते काळं छापलंय. आणि खरा आकडा त्याहून खाली असला तर?

वजन उतरायला लागायच्या आधीची पाच वर्षं तू मेटफॉर्मिन, ते साखरेचं औषध, घेत होतीस; बायपाससारखं त्यानेही बी12 कमी होतं. यकृतातला साठा एरवी काही वर्षं पुरतो. तुझा मुळात भरलेला होता का, कोण जाणे. तू म्हणशील एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, 88 आहे, अगदी मधोमध. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी12 कमी पडलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी पडलं तर सरासरी नॉर्मल येते. पाचवा लाल आकडा बघ, आरडीडब्ल्यू 17.8, म्हणजे लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ. त्यात तू फोलिक ॲसिडही घेतेस; त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी12 न मिळाल्याने नसा आत झिजत राहतात. नसा फार दिवस उपाशी राहिल्या तर पुढे औषध देऊनही पूर्ण भरून येत नाहीत. म्हणून म्हणतो, "बसून बसून" म्हणू नकोस, चौदा महिन्यांत दोनदा तपासणी चुकवलीस, तिसऱ्या आणि नवव्या महिन्याची, आणि हे आयुष्यभराचं आहे हे कागदावर सही करताना

बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर. तुला ओरडायला हे पत्र लिहायला घेतलं नव्हतं.

तू सात वर्षांची असताना शाळा सुटली की लॅबमध्ये येऊन उंच स्टुलावर बसायचीस. जांभळ्या टोपणाची नळी उजेडात धरून विचारायचीस, "बाबा, या नळीत कोण आहे?" मी नाव वाचून दाखवायचो आणि तू त्या माणसाला "लवकर बरे व्हा" म्हणायचीस. एवढ्या वर्षांत किती नावं उतरवली. परवा पहिल्यांदा तुझं उतरवलं.

आणि मागच्या खेपेला दारात तू वाकून स्वतः बुटाची नाडी बांधलीस, श्वास न लागता, दोन्ही पायांची. मी बोललो काहीच नाही, आत निघून गेलो. आईला माहीत आहे मी आत का गेलो ते. त्याच पायांबद्दल आज लिहितोय.

गुरुवारी जाशील तेव्हा पायांचं पहिल्यांदा सांग, शेवटी निघताना नको. मिथिलमॅलोनिक ॲसिडची तपासणी करता येईल का विचार, बी12 खरंच कमी आहे का ते त्यातून नीट कळतं. तांबंही तपासायला सांग. ते कमी पडलं तरी पाय असेच होतात, आणि केसांच्या गोळीतलं झिंक जास्त झालं तर तांबं उतरतं. इंजेक्शन देतो म्हणाले तर नाही म्हणू नकोस, त्यात आतड्याचा प्रश्नच येत नाही. आणि उलट्या होत असतील, चालताना तोल जात असेल, दोन-दोन दिसत असेल, तर गुरुवारची वाट पाहू नकोस, त्याच दिवशी जा. थायमिन, म्हणजे बी1 जीवनसत्त्व, कमी पडलं तर दिवसांचं नाही, तासांचं काम असतं.

मी येऊ का बरोबर? बाहेर बाकावर बसेन, आत येणार नाही. नको म्हणालीस तर आग्रह करणार नाही. दादाला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

आज पाय कसे आहेत ते लिही. नुसतं "बरे" नको. कुठपर्यंत बधिर वाटतं, बोटांपर्यंत की घोट्यापर्यंत, आणि दोन्ही पाय की एकच.

तुझा
बाबा