लकडगंजच्या खरादवाल्या काकांना, मनापासून

काका, तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहीत आहे, म्हणून ताईला सांगून ठेवलंय की दुपारी जेवण झाल्यावर हे तुम्हाला वाचून दाखव. तोंडावर बोलायला गेलो की तुम्ही "चल चल, कामाचं बोल" म्हणून हाकलून लावता, मग लिहिण्याशिवाय दुसरा उपाय काय.

तीन वर्षांपूर्वी मी शिसमचा दांडा घेऊन तुमच्या दुकानात आलो होतो, तुम्ही खरादाच्या मशीनवर लाकूड फिरवून पलंगाचे पाय घडवत होता. म्हटलं, याच्यात दीड फूट लांब सरळ भोक पाहिजे, बासरी करायची आहे. तुम्ही दांडा हातात फिरवून पाहिला आणि विचारलंत, "बासरी त बांबूची असते नं बावा, लाकडाची काऊन?" मी सांगितलं की आपल्या गडचिरोलीकडचा मानवेल बांबू भरीव नाहीतर जाड भिंतीचा निघतो, बासरीला पातळ भिंतीचा लागतो तो आसामकडून येतो, आणि मला इथल्या लाकडातच करून पाहायचं आहे. तुम्ही काहीच बोलला नाही, फक्त मशीन बंद केली आणि स्टूल पुढे सरकवलं.

त्याआधी मी घरी हातातल्या ड्रिलने भोक पाडायचो आणि ते दर वेळी वाकडं जाऊन बाजूने बाहेर निघायचं, किती दांडे वाया गेले देव जाणे. तुम्ही दाखवलंत की ड्रिल फिरवायचंच नाही, लाकूड फिरवायचं आणि पातं स्थिर धरायचं, म्हणजे भोक मधोमध राहतं. बाजारातलं ड्रिल तेवढं लांब पोचत नाही म्हणून जुन्या मोटरचा शाफ्ट अर्धा घासून तुम्ही स्वतः पातं करून दिलं. बोटभर आत गेलं की बाहेर काढ, भुसा झटक, मग परत घाल, नाहीतर आत तापून लाकूड जळतं. तो जळका वास आला की तुम्ही पाठ करून उभे असले तरी ओरडायचात.

आणि ती मे महिन्यातली गोष्ट. पहिली मोठी ऑर्डर, सहा बासऱ्या, मी घाईने नव्या लाकडातून काढल्या, सूर लावला, पॉलिश केलं, आणि आठ दिवसांत चार बासऱ्यांना फुंकेच्या भोकापासून उभी चीर गेली. मी रडायच्या बेतात होतो हो. तुम्ही चिरेवरून नख फिरवून समजावलंत, आतून फुंकेचा ओलावा आणि बाहेरून आपल्या नागपूरचं ऊन, आतलं लाकूड फुगते, बाहेरचं आखडते, मंग ते बिचारं फाटन नाही तर काय करन. तेव्हापासून दांडा जाडसर खरादून, आधी बारीक भोक पाडून एक पावसाळा आणि एक उन्हाळा तुमच्या माळ्यावर पडून राहतो, तोवर मी हात लावत नाही. मग आतून जवसाचं तेल, पातळ हात, चार-चार दिवसांनी. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नको, आपोआप पेटतात, तारेवर मोकळ्या वाळत घाल, हेही तुम्हीच सांगितलं.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते किल्लीसाठी. मे महिन्यात दुपारी सुरात लावलेली बासरी डिसेंबरात सुराच्या खाली उतरायची आणि मला वाटायचं माझा कानच कच्चा आहे. हिशोब साधा होता, हवेत आवाजाचा वेग २० डिग्रीला सेकंदाला ३४३ मीटर, ४५ डिग्रीला ३५८ च्या आसपास, म्हणजे तापलेल्या शेडमध्ये तीच बासरी चढी वाजते, आणि मी ती चढी बासरी बरोबर समजून भोकं कापत होतो. हे तुम्हाला सांगितलं त्या संध्याकाळी तुम्ही दुकानाची दुसरी किल्ली माझ्या हातावर ठेवली, "पहाटे येत जा, थंड असते." भाडं विचारलं तर चहा मागवला. त्या किल्लीवर मी दोन उन्हाळे पहाटे साडेचारला शटर उघडलंय, कोणत्याच कंपनीच्या नोकरीत मला एवढा विश्वास कोणी दाखवला नव्हता काका.

आज घरभाडं बासऱ्यांवर निघतं, आईची औषधं निघतात. शिकणारी पोरं येतात, बासरी उलटी करून भोकातून उजेड पाहतात आणि म्हणतात किती सरळ आहे, तेव्हा मी त्यांना तुमचं दुकान सांगतो.

माळ्यावरचे नऊ दांडे या दिवाळीला तयार होतील. त्यातला एक सनईसाठी ठेवलाय, तिचं भोक वरून अरुंद आणि खाली रुंद होत जाणारं लागतं, त्याचं पातं कसं घासायचं ते मला अजून जमलेलं नाही. रविवारी येतो, जवसाचं तेलही संपलंय ते घेऊनच येतो, मशीन जरा मोकळी ठेवा.

तुमचाच,
पहाटेचा किल्लीवाला