राजवाड्यातले काचघर

सुवॉन, दक्षिण कोरिया
रविवार, रात्री

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार. आजीला आम्हा तिघांचा नमस्कार सांगावा.

वि. वि. मागच्या पत्रात बाबांनी विचारले होते की, कोरियात आपल्या राणीबागेसारखी जागा आहे का, म्हणजे जिथे एकाच फाटकातून आत शिरल्यावर झाडेही पाहायला मिळतात आणि प्राणीही. फोनवर मी "आहे" एवढेच सांगितले, कारण तेव्हा मी ती पाहून नुकतीच परतले होते. त्यानंतरच्या रविवारी दुसरी एक जागा पाहिली आणि पहिल्या जागेची खरी हकिकत तिथे कळली. फोनवर हे नीट सांगता आले नसते, म्हणून लिहायला बसले आहे.

पहिली जागा म्हणजे ग्वाचॉनचे सोल महाउद्यान. सोलच्या दक्षिणेला, छॉन्गग्ये नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी ते वसले आहे आणि मेट्रोच्या चौथ्या मार्गावर त्याच नावाचे स्थानक आहे, त्यामुळे आमच्यासारख्या नवख्यांनाही वाट चुकण्याची भीती नाही. स्थानकापासून आत जायला चालत जाता येते, छोट्या गाडीने जाता येते किंवा तळ्यावरून जाणाऱ्या उघड्या खुर्च्यांच्या रोपवेनेही जाता येते. चिरंजिवांनी अर्थातच रोपवेचा हट्ट धरला. पायाखाली तळ्याचे पाणी, समोर लाल-पिवळा झालेला डोंगर आणि बोचरा वारा, अशा थाटात आम्ही वर पोचलो. इथल्या जाणकारांचा सल्ला असा की, रोपवेने थेट वरच्या टोकाला जावे आणि मग चालत खाली यावे. आम्ही तो मानला आणि आईला सांगते, तिच्या गुडघ्यांनाही ही वाट झेपेल.

वाघ पाहिले, जिराफ पाहिले, पण त्यांच्याविषयी फार लिहीत नाही. आमचा बराच वेळ हत्तींपाशी गेला. २०१० साली श्रीलंकेने कोरियाला हत्तींची एक जोडी भेट दिली, त्यातल्या नराचे नाव गजबा. इतक्या दूर, हंगुल अक्षरांच्या गर्दीत, "गज" हा आपला शब्द कानावर पडला तेव्हा माझे मन भरून आले. माझ्यासोबत प्रयोगशाळेतली एक कोरियन मैत्रीण आणि तिची सत्तरी ओलांडलेली आई होती. त्या आजीबाईंनी तिथे मला एक जुनी गोष्ट सांगितली, ती राजदरबाराच्या बखरीत नोंदलेली आहे. १४११ साली जपानच्या शोगुनने, म्हणजे तिथल्या लष्करी शासकाने, कोरियाच्या राजाला एक हत्ती पाठवला. या देशाने तोवर हत्ती पाहिला नव्हता. एक माजी अधिकारी त्याला पाहायला आला, त्याच्या रूपाची टर उडवून त्याच्यावर थुंकला आणि हत्तीने त्याला पायाखाली तुडवून मारले. पुढे त्या हत्तीला दक्षिणेकडच्या एका बेटावर हद्दपार करण्यात आले. तिथल्या सुभेदाराने काही महिन्यांनी कळवले की, हत्ती चारा खात नाही, दिवसेंदिवस वाळत चालला आहे आणि माणूस दिसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी येते. राजाला दया आली आणि त्याने त्याला परत आणवले. सहाशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने हत्तीचे अश्रू सरकारी दप्तरात लिहून ठेवले, ही गोष्ट मला त्या दिवसभर विसरता आली नाही.

वनस्पती उद्यान प्राणिसंग्रहालयाच्या आतच आहे. बाहेर हात गारठत होते आणि काचेचे दार ढकलून आत पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसेपर्यंत काही दिसले नाही, फक्त वास आला, ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा, आषाढात कोकणात गेल्यावर येतो तसा. चष्मा डोळ्यांवर चढवला तर समोर केळ उभी होती, आपली साधी केळ, केळफूल खाली लोंबत असलेली, आणि तिच्याभोवती शाळेच्या सहलीची मुले वह्या घेऊन तिचे चित्र काढत होती. शेजारी जास्वंद होती. बाबा, तुम्ही आम्हांला राणीबागेत नेल्यावर आधी उर्वशीच्या झाडापाशी, मग गोरखचिंचेपाशी आणि मग कैलासपतीपाशी थांबवून पानांची रचना पाहायला लावत होता, आणि आम्हां दोघा भावंडांचे डोळे मात्र माकडांच्या पिंजऱ्याकडे लागलेले असत. या वेळी मी चिरंजिवांना तसेच थांबवले आणि तेही तसेच हत्तींच्या दिशेने ओढत होते.

निघताना मी आजीबाईंना म्हटले की, इतकी सुंदर आणि मोकळी जागा निवडणाऱ्यांचे कौतुक वाटते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "या प्राण्यांचे जुने घर तुम्ही पाहिले नाही. पुढच्या रविवारी मी दाखवते."

ते जुने घर म्हणजे सोलच्या मध्यभागी असलेला छांगग्यॉन्गगुंग हा राजवाडा. पंधराव्या शतकात एका राजाने आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या विधवा राण्यांसाठी तो बांधला. १६१६ साली पुन्हा उभारलेला त्याचा दरबारमहाल सोलच्या राजवाड्यांतल्या मुख्य महालांमध्ये सर्वांत जुना आहे. १९०७ साली जपान्यांनी सम्राटाला गादी सोडायला लावली आणि त्याच्या मुलाला, सुंजोंगला, नावापुरते सिंहासनावर बसवले. या नव्या सम्राटाचे मन रमावे असे कारण पुढे करून त्याच्या निवासाला लागून असलेल्या या राजवाड्यातल्या कितीतरी इमारती पाडण्यात आल्या, त्यांच्या जागी पिंजरे आणि वनस्पती उद्यान उभे राहिले आणि १ नोव्हेंबर १९०९ रोजी ते तिकीट लावून सर्वांसाठी खुले झाले. पुढच्याच वर्षी देश जपानच्या ताब्यात गेला. १९११ साली नावही बदलले. "गुंग" म्हणजे राजवाडा आणि "वॉन" म्हणजे बाग, म्हणून छांगग्यॉन्गगुंगचे छांगग्यॉन्गवॉन झाले. राजा जिथे स्वतः नांगर धरून भाताची शेती करत असे, ती खाचरे खणून तिथे तळे केले आणि आवारभर चेरीची झाडे लावली.

बाबा, विद्यार्थ्यांना तुम्ही नेहमी सांगत होता की, बाग लावणे हे माणसाच्या हातून होणाऱ्या चांगल्या कामांपैकी एक आहे. मी आजवर ते तसेच मानत आले. पण त्या आवारात उभे राहून हे ऐकताना मला पहिल्यांदा उमगले की, एखाद्या घराण्याचा आणि देशाचा मान उतरवायला तोफाच लागतात असे नाही, त्याच्या अंगणात माकडांचा पिंजरा आणून ठेवला तरी पुरते. प्राण्यांचा तर यात काहीच दोष नव्हता आणि सोसावे त्यांनाही लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या महिन्यांत, १९४५ साली, बाँब पडले तर हिंस्र प्राणी मोकळे सुटतील या भीतीने त्यांना विष घालून मारण्यात आले. पुढे कोरियन युद्धात १९५१ च्या जानेवारीत सोल सोडून पळावे लागले, तेव्हा जे उरले होते ते थंडीने आणि उपासमारीने गेले.

युद्धानंतर प्राणी पुन्हा आणले आणि पुढची तीस वर्षे छांगग्यॉन्गवॉन ही सोलमधल्या लेकरांची सर्वांत आवडती जागा राहिली. आजीबाईही त्यांतल्याच. वसंतात रात्रीच्या दिव्यांखाली चेरीचा बहर पाहायला त्या वडिलांच्या खांद्यावर बसून आल्या होत्या, तळ्यात होडीत बसल्या होत्या आणि जन्मातला पहिला हत्ती त्यांनी इथेच पाहिला होता. तळ्याच्या काठी एका पांढऱ्या सालीच्या पाइन वृक्षापाशी आम्ही बसलो होतो. त्याची साल चकत्यांनी सुटून पडते आणि खाली हिरवट-पांढरे खोड उघडे पडते, जणू भिंतीवरचा जुना रंग खरवडून काढला आहे. त्या सालीवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "माझे सगळे सुख इथले आहे. आणि ते इथे असायला नको होते." मैत्रिणीने हे वाक्य मला दोनदा समजावून सांगितले, तरी पहिल्यांदाच ते मला कळले होते.

अखेर १९८३ साली राजवाड्याला त्याचे नाव परत मिळाले आणि प्राण्यांचा मुक्काम ग्वाचॉनला हलवण्यात आला. सोल महाउद्यान १९८४ साली १ मे रोजी, म्हणजे आपल्या महाराष्ट्रदिनाच्या तारखेला, सुरू झाले. चेरीची झाडे काढली, पण तोडून जाळली नाहीत. काही सोलमधल्या येऊईडो बेटावर नेली आणि काही प्राण्यांच्या मागोमाग ग्वाचॉनला गेली. पाडलेल्या महालांपैकी काही पुन्हा बांधले. अजूनही आवारात मोठमोठी रिकामी हिरवळ दिसते, तिथे पूर्वी इमारती होत्या आणि नंतर पिंजरे होते.

एक गोष्ट मात्र जागची हलवली नाही, ती म्हणजे १९०९ चे काचघर. तळ्याच्या पलीकडे, नक्षीदार कुंपणाच्या झुडपांमागे आणि कारंज्यामागे ते पांढरेशुभ्र उभे आहे. लाकूड, लोखंड आणि काच, एवढ्याच तीन वस्तूंनी बांधलेली ही पाश्चात्त्य धाटणीची वास्तू या देशातले असे पहिले काचघर आहे. छपराच्या कण्यावर ओळीने अलुबुखाराची फुले घडवली आहेत. हे फूल राजघराण्याचे चिन्ह, आणि ज्यांनी राजवाड्याची बाग केली त्यांनीच ते काचघराच्या माथ्यावर बसवले. मी बराच वेळ मान वर करून ती फुले मोजत होते, पण उन्हात काचा चमकू लागल्या आणि मोजणी अर्धवट राहिली.

आत आता विलायती शोभेची झाडे भरलेली नाहीत. दक्षिणेकडच्या बेटांवरचे कॅमेलिया, कोरियाच्या रानातली नेचे, कुंडीत जोपासलेली खुजी झाडे, अशी मुख्यतः या देशाची वनस्पतिसंपदा तिथे मांडली आहे. एका कॅमेलियाला एकच कळी आली होती, वाटाण्यापेक्षा जरा मोठी, घट्ट मिटलेली, टोकाशी लाल रंग डोकावत असलेली. तिच्यासमोर एक वृद्ध गृहस्थ भिंग घेऊन वाकले होते आणि बाबा, क्षणभर मला तुम्हीच दिसलात. हे काचघर पाडावे की ठेवावे, असा प्रश्न कोणालाही पडला असता. ते ठेवले आणि त्यात आपल्या मातीतली झाडे लावली, हे मला फार योग्य वाटले. आजीबाईंचे मत माझ्याहून वेगळे आहे. त्या म्हणतात की, काचघर चांगले आहे, पण त्याच्या खाली काय होते ते कोणी दाखवत नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

परतताना मैत्रिणीने जेडोलची हकिकत सांगितली. जेडोल हा डॉल्फिन. २००९ साली जेजू बेटाजवळच्या समुद्रात तो बेकायदा पकडला गेला आणि पुढे ग्वाचॉनच्या हौदात प्रेक्षकांसमोर उड्या मारू लागला. २०१२ साली सोल शहराने त्याला समुद्रात परत पाठवण्याचे ठरवले. त्याला जिवंत मासे पकडायला पुन्हा शिकवावे लागले. २०१३ च्या जुलैमध्ये जेजूच्या किनाऱ्यावर त्याला सोडले, तेव्हा ओळख पटावी म्हणून त्याच्या पाठीवरच्या परावर १ हा आकडा उमटवलेला होता. पुढे तो आकडा रानटी डॉल्फिनांच्या कळपात पोहताना दिसला. ही हकिकत ऐकून चिरंजीव एकदम विचारते झाले, "मग राणीबागेतले पेंग्विन परत कधी येणार?"

आई, तुला आठवत असेल, २०१६ साली राणीबागेत आठ हम्बोल्ट पेंग्विन आले ते सोलहूनच. ते पाहण्यासाठी रांगेत उभे राहून तुझे पाय सुजले होते. मी चिरंजिवांना समजावले की, त्या पक्ष्यांचे मूळ घर सोल नाही, ते तर पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, सोल हा त्यांच्या वाटेवरचा एक मुक्काम. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की, मग मुंबई हाही मुक्कामच असेल. यावर हे आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो.

बाबा, पुढच्या वेळी सकाळी फिरायला राणीबागेत जाल तेव्हा माझे एक काम करा. उर्वशीच्या झाडाच्या अलीकडच्या वळणावर जुना फलक होता, त्याच्यावर झाड कोणी आणि कधी लावले याची काही नोंद होती का, हे मला आठवत नाही. लहानपणी मी तो कधी वाचलाच नाही. फलक अजून असेल तर अक्षरे उतरवून कळवा, आणि नसेल तर तसे कळवा. थंडी सरताना कळ्या धरल्या की तेही लिहा, आजीबाईंना त्या फुलाचे चित्र दाखवायचे मी कबूल केले आहे.

आजीची औषधे वेळेवर चालू ठेवावीत. भावाला म्हणावे, ताईला चार ओळी लिहायला हरकत नाही. इकडे सर्व कुशल, आपल्या सर्वांचे कुशल कळवत जावे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची
ताई