नानांची घाटगाडी

पुणे

ती. नाना यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही हे ठाऊक आहे. नातू मोबाइलवर वाचून दाखवेल आणि दुसऱ्याच ओळीला तुम्ही म्हणाल, "ताईला एवढं लिहायची काय गरज होती?" तरी त्याला शेवटपर्यंत वाचू द्या. शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

मागच्या पंधरवड्यात आम्ही धायरीचं घर सोडून कोथरूडला आलो. टेम्पोवाल्याने तुम्ही करून दिलेलं ते लाकडी खेळणं, घाटगाडी, बघितली आणि सांगून टाकलं, हे असं अख्खं जायचं नाही, खोला नाहीतर इथेच ठेवा. मी रडकुंडीला आले. मुक्ताने मात्र गाडी उलटी केली आणि ओरडली, "आई, खाली नंबर आहेत!"

गेली तीन वर्षं ती गाडी आमच्या हॉलमध्ये होती. खाली वाकून बघायचं आम्हाला कधी सुचलं नाही.

तुम्हाला आठवत असेल, मी पहिल्यांदा वखारीत आले तेव्हा माझ्या हातात नुसता एक फोटो होता. त्याआधी तीन फर्निचरवाल्यांकडे जाऊन आले होते. एक म्हणाला एमडीएफमध्ये करून देतो, दुसरा हसला, तिसऱ्याने किचन ट्रॉलीचा कॅटलॉग पुढे केला. तुम्ही फोटो उन्हात धरलात, बराच वेळ बघितलात आणि विचारलंत, "एवढं लाकूड उभं केलंय, ते कशासाठी?" रोलर कोस्टर म्हणून सांगितलं, ते तुम्हाला रुचलं नाही. "म्हणजे घाटाची गाडी," म्हणालात. तेव्हापासून आमच्याकडे तिचं नाव घाटगाडीच.

का हवी होती, ते मात्र मी तेव्हा नीट सांगितलं नव्हतं. मुक्ता लहानपणी पेनसिल्व्हेनियात वाढली. आमच्या घरापासून दोन तासांवर एलिसबर्ग नावाचं गाव आणि तिथे झाडीत कनोबल्स नावाचं एक जुनं पार्क. आत जायला तिकीट नाही, गाडी लावायला पैसे नाहीत, ज्या पाळण्यात बसायचं त्याचे पैसे द्यायचे. थेट आपल्या जत्रेसारखं. तिथे फिनिक्स नावाची लाकडी गाडी आहे. सुटली की आधी काळ्याकुट्ट बोगद्यात शिरते आणि काही व्हायच्या आधीच सगळे किंचाळायला लागतात. मग साखळी डबा ओढत ७८ फुटांवर नेते, खट्‌ खट्‌ खट्‌. तो आवाज चढावरच्या लोखंडी दात्यांचा, साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून. वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एक्सप्रेसवेवर आपण रोज त्याहून जोरात जातो. पण मांडीवरचा दांडा जुन्या पद्धतीचा, सैल. प्रत्येक उंचवट्यावर बूड सीटवरून सुटतं आणि क्षणभर आपण कुठेच नसतो. संध्याकाळी वंगण तापलं की गाडी आणखी पळते, म्हणून आम्ही मुद्दाम अंधार पडल्यावर बसायचो. खोपोलीच्या इमॅजिका पार्कातली नायट्रो नावाची गाडी मी नंतर केली. चांगली आहे, पोलादी आहे, गुळगुळीत आहे. पण ती करकरत नाही.

पुण्यात आल्यावर मुक्ता शाळेत बोलेना. कुणी काही विचारलं तर मान हलवायची. पेशवे पार्कात फुलराणी ही छोटी आगगाडी दाखवायला नेलं तर म्हणाली, ही सपाट आहे. त्या रात्री मी ठरवलं, निदान एक चढ आणि दोन-तीन उतार तरी घरात उभे करायचे.

तुम्ही लाकूड काढलंत कसब्यातल्या उतरवलेल्या वाड्याचं. जुनं सागवान, काळं पडलेलं, रंध्याखाली आलं की आतून मधासारखं. दीड फूट उंचीच्या खेळण्यासाठी एवढं जपलेलं लाकूड कशाला, असं मी म्हटलं तर तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. दर रविवारी मुक्ता तुमच्याशेजारी पाटावर बसून पट्ट्यांना पॉलिशपेपर मारायची. खांब घट्ट बसवा असा माझा आग्रह होता. तुम्ही म्हणालात, "जूनमध्ये दार फुगून बसतं की नाही? मग याला थोडा खेळ ठेवायला नको?" फिनिक्सवरून गाडी जाते तेव्हा खालचा सांगाडा डुलताना दिसतो आणि तो तसा डुलायलाच हवा असतो, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

आणि ती उडी! डबा दुसऱ्या उंचवट्यावरून दर खेपेला जमिनीवर. आम्ही उतार कमी केला, डबा जड केला, उपयोग शून्य. चौथ्या रविवारी तुम्ही रुळाखालून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "याला खालून कुणी धरलेलंच नाही." रुळाच्या खालच्या अंगाला दोन बारकी चाकं लावलीत आणि डबा पळाला. जॉन मिलर नावाच्या माणसाने हीच युक्ती १९१९ साली पेटंट केली आणि त्यानंतरच एवढे तीव्र उतार बांधता आले, हे मी सांगितल्यावर तुम्ही तपकिरीची चिमूट भरलीत. "शंभर वर्षं उशीर झाला म्हणायचा." मुक्ता त्या दिवशी पोट धरून हसली. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा.

पैशांवरून आपली जी हुज्जत झाली ती इथे काढत नाही. निम्मेच घेतलेत, एवढं मात्र नातवाच्या कानावर जाऊ दे.

आता नंबरांचं. फिनिक्सची गोष्ट मी तुम्हाला शेवटच्या रविवारी सांगितली होती. ती मूळची तिथली नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत बांधलेली, तेव्हा नाव रॉकेट. १९८० मध्ये ते पार्क बंद पडलं आणि गाडी नुसती उभी राहिली. कनोबल्सच्या लोकांनी ती उतरवली, दीड हजार मैल ट्रकने आणली आणि १९८५ मध्ये पुन्हा सुरू केली. नकाशे हाती नव्हते, म्हणून फळ्यांवर आकडे टाकून. सगळी गोष्ट ऐकून तुम्ही एवढंच विचारलंत, "आकडे कशाने टाकले?" मला सांगता आलं नाही.

मग तुम्ही कसब्यातल्या त्या वाड्याचं सांगितलंत. मालकाला तो गावी तसाच्या तसा उभा करायचा होता. तुम्ही एकेका तुळईवर गेरूने लिहिलंत, पूर्वेच्या सोप्याला पू, दक्षिणेला द. पुढे मालकाचं मन बदललं आणि लाकूड किलोवर गेलं. तुम्ही सांगत होतात आणि मी घाईत होते. घाटगाडी न्यायला मी त्यानंतर आठवड्याने आले. त्या आठवड्यात तुम्ही एकेक पट्टी सोडवून खाली गेरूने आकडे टाकले असणार आणि मला काही बोलला नाहीत.

मुक्ताने सगळं खोलून तीन खोक्यांत भरलं. कोथरूडला आल्यावर भांडी लागायच्या आधी एका संध्याकाळी तिने गाडी एकटीने उभी केली. मला हात लावू दिला नाही. "पू चार दे, पू पाच दे," असा हुकूम चालला होता. नाना, जी मुलगी वर्गात तोंड उघडत नव्हती ती.

त्याबद्दल आभार मानायचे होते. तेव्हा मानले होते ते गाडीचे.

आणि काम असं. एक पट्टी उरली आहे, 'द ७'. गाडी तिच्याशिवायही पळते, पण मुक्ता ऐकत नाही. तिने सगळीकडे लावून पाहिली, कुठेच बसत नाही. माझा संशय असा की ती गाडीची नाहीच, वाड्याची आहे आणि तुमच्या जुन्या ढिगातून चुकून आली. मुक्ता म्हणते, नानांनी मुद्दाम ठेवली.

रविवारी नातवाला घेऊन चहाला या आणि काय ते सांगा. चष्मा आठवणीने आणा.

आपली,
मुक्ताची आई