ब्रॉडबँड घेण्याआधी लाइनचा रस्ता विचारा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सोलापूरच्या बऱ्याच भागांत आज बीएसएनएल, जिओ, एअरटेल आणि एखादा स्थानिक केबलवाला असे तीन-चार पर्याय एकाच गल्लीत मिळतात. पुण्या-बंगळुरूच्या कंपनीचे काम घरून करणारी मुले जुळे सोलापुरात आणि होटगी रोडला आहेत, ऑनलाइन क्लास करणारी मुले पेठांमध्ये आहेत. तरीही नवे कनेक्शन घेताना बहुतेक घरांत दोनच गोष्टी विचारल्या जातात: स्पीड किती आणि महिन्याला किती. पुढे ज्या तक्रारी होतात, त्यांचे मूळ या दोन आकड्यांत क्वचितच असते. लाइन घरापर्यंत कशी येते आणि तुटली तर कोण येतो, यावर सगळे ठरते.

पैशांचा हिशेब आधी उरकतो. जाहिरातीतला ४९९ रुपयांचा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे होतो आणि सहा महिन्यांचे एकदम भरले तर ३,५३२ रुपये ९२ पैसे. स्थानिक केबलवाला 'सहाशे रुपये' म्हणतो तेव्हा ते करासह आहेत का, हे विचारल्याशिवाय तुलना करू नये. राउटर कोणाच्या मालकीचा, डिपॉझिट परत मिळते का, इन्स्टॉलेशनचे पैसे कशात धरले, हे पावतीवर लिहून घ्यावे. 'अमर्याद' प्लॅनलाही मर्यादा असते. अनेक मोठ्या कंपन्यांच्या प्लॅनमध्ये ती महिन्याला ३,३०० जीबी असते, म्हणजे दिवसाला ११० जीबी. एचडी व्हिडिओ तासाला साधारण ३ जीबी घेतो, तेव्हा सामान्य घराला ती पुरून उरते. मात्र काही स्वस्त प्लॅनमध्ये ही मर्यादा बरीच कमी असते. ती किती आणि ती संपल्यावर स्पीड किती उरतो, हे ग्राहकाला आधी सांगणे दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार कंपनीला बंधनकारक आहे. विचारायला संकोचू नये.

स्पीडच्या बाबतीत एक घोळ कायम होतो. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट नव्हे, साडेबारा मेगाबाइट. एका एचडी चित्रपटाला ५ एमबीपीएस पुरतात, व्हिडिओ कॉलला जाताना-येताना प्रत्येकी ३-४. चार माणसांच्या घराला ४० ते ५० एमबीपीएस नीट चालणारी लाइन पुरते. ३०० चा प्लॅन घेऊन घरातला राउटर जुना राहिला, तर जादा पैसे वाया जातात. डाउनलोडइतकाच अपलोडही विचारावा. घरून काम करणाऱ्याला आणि सीसीटीव्ही लावणाऱ्याला तो लागतो; एक कॅमेरा सतत २ ते ४ एमबीपीएस वर पाठवत असतो. काही कंपन्या एकच सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून थेट कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला (चित्रण साठवणाऱ्या यंत्राला) जोडता येत नाही. ज्यांना तसे हवे आहे त्यांनी स्टॅटिक, म्हणजे स्वतःचा न बदलणारा आयपी मिळतो का आणि त्याचे किती, हे आधीच विचारावे.

आता मुख्य गोष्ट. 'फायबर आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नये. फायबर दोन प्रकारे येते. एका प्रकारात कंपनीच्या ऑफिसातून निघालेली फायबरची काच थेट तुमच्या घरातल्या ओएनटीपर्यंत (फायबर ज्यात येते त्या डब्यापर्यंत) येते, मध्ये फक्त प्रकाश अनेक घरांत वाटणारे स्प्लिटर असतात आणि स्प्लिटरला वीज लागत नाही. दुसऱ्या प्रकारात काच गल्लीच्या तोंडावरच्या डब्यात संपते, तिथे स्विच बसवलेला असतो आणि पुढे साधी लॅन केबल गच्चीवरून घराघरात जाते. त्या डब्याला वीज लागते. महावितरणची लाइट गेली आणि डब्याला बॅटरी नसली की तुमच्या घरात इन्व्हर्टर असूनही नेट जाते. पावसाळ्यात वीज कडाडली की त्या तांब्याच्या केबलवरून स्विचचे, राउटरचे, कधी संगणकाचेही पोर्ट जळतात. म्हणून सरळ विचारावे: 'घरात येणारी वायर काचेची की तांब्याची? मध्ये कुठे वीज लागणारा डबा आहे का?' तांब्याची असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर वायरीचा रस्ता स्वतः डोळ्यांनी पाहावा. ती कोणत्या खांबावरून येते, झाडाच्या फांदीत अडकली आहे का, रस्ता ओलांडताना ट्रकला लागेल इतकी खाली आहे का? जलवाहिनी आणि ड्रेनेजसाठी खोदाई चालू असलेल्या रस्त्यालगतची पुरलेली केबल कधी तुटेल सांगता येत नाही. सिद्धेश्वर यात्रेतल्या उंच नंदीध्वजांच्या मिरवणूक मार्गावर राहणाऱ्यांनी संक्रांतीच्या आसपास लोंबत्या तारांचे काय करतात, तेही विचारून ठेवावे. ज्यांचे पोट नेटवर आहे त्यांनी दोन कनेक्शन घेताना दोघांचे रस्ते वेगळे असल्याची खात्री करावी. एकाच खांबावरून येणाऱ्या दोन कंपन्या एकाच जेसीबीने बंद पडतात.

जोडणीच्या दिवशी तंत्रज्ञ फायबरमधला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावतो. तो आकडा ग्राहकाने पाहावा आणि लिहून घ्यावा. घरात येणारा प्रकाश डीबीएममध्ये मोजतात आणि तो आकडा वजा असतो; उण्याचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. उणे १५ ते उणे २४ असेल तर लाइन उत्तम. उणे २७ ही नेहमीच्या जीपॉन (एका फायबरवर अनेक घरे जोडण्याची पद्धत) ओएनटीची शेवटची सीमा. जोडणीलाच उणे २६ आला असेल, तर पुढे एखादा जॉइंट जरा ढिला झाला, कनेक्टरवर धूळ बसली की लाल 'लॉस' दिवा लागणार. प्रकाश कमी होतो तो असा: ३२ घरांत वाटणारा स्प्लिटर साधारण १७ डीबी खातो, चांगला मशिनने केलेला जॉइंट ०.१ डीबीच्या आत, पण हाताने दाबून बसवलेला कनेक्टर अर्धा डीबी किंवा जास्त. दाराच्या फटीत चिरडलेली किंवा खिळ्याला करकचून वळवलेली वायर एकटीच कित्येक डीबी घालवू शकते. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्या सॉकेटमध्ये घुसवला तरी तेच होते. ही वायर वळवताना वाटीच्या तोंडाएवढा गोल ठेवावा, कोपरा काढू नये. टोकाला बोट लावू नये.

हा आकडा नंतर घरीही पाहता येतो. राउटरच्या खालच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१, आणि तिथेच लॉगिन. तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की आत 'ऑप्टिकल' नावाच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे हाच आकडा, दिसतो. जोडणीच्या दिवशी उणे १९ होता आणि आज उणे २५ आहे, एवढे एक वाक्य तक्रारीत सांगितले तर 'राउटर बंद करून चालू करा' या उत्तरावर बोळवण होत नाही.

शेजाऱ्याला विचारणे चांगलेच, पण 'यूट्यूब मस्त चालते' या उत्तरावर जाऊ नये. यूट्यूबसारख्या मोठ्या सेवांचा मजकूर अनेक कंपन्या आपल्याच जाळ्यात साठवून ठेवतात, त्यामुळे बाहेरची लाइन तुंबलेली असली तरी तो छान चालतो. ऑफिसच्या जाळ्याला जोडणारा व्हीपीएन मात्र रडतो. स्पीड टेस्टचेही तसेच. ॲप आपोआप जवळचा, कधी त्याच कंपनीचा सर्व्हर निवडते. तो बदलून मुंबईचा किंवा पुण्याचा दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर घ्यावा. शेजाऱ्याच्या घरी लॅपटॉप लॅन केबलने जोडून, बाकी मोबाइल-टीव्ही बंद ठेवून, सकाळी सातला आणि रात्री साडेनऊला चाचणी करावी. जमल्यास तीन दिवस. सकाळी ९५ आणि रात्री २० येत असतील तर कंपनीने जितके ग्राहक घेतले त्या प्रमाणात बाहेर इंटरनेटला जाणारी लाइन घेतलेली नाही. जीपॉनच्या एका पोर्टवर सुमारे अडीच हजार एमबीपीएस असतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ईपॉन या दुसऱ्या पद्धतीत त्याच्या निम्मेच.

लॅनवर पूर्ण स्पीड आणि मोबाइलवर अर्धाही नाही, असे असेल तर दोष घरातला आहे. फक्त २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायचा राउटर बऱ्याचदा ४०-५० च्या पुढे जात नाही. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे दमतो, आणि पेठांतल्या जुन्या दगडी भिंतींपुढे तर एकाच भिंतीत. त्यामुळे दोन्ही असलेला ड्युअल बँड राउटर मागावा आणि तो घराच्या मध्यावर, उघड्यावर ठेवावा. टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर नको. लॅनवर नेमके ९४ च्या आसपास अडकत असेल तर पोर्ट किंवा केबल १०० एमबीपीएसची आहे, हे ओळखावे. कॅट-६ केबल आणि गिगाबिट पोर्ट वापरला की आकडा वर जातो.

सोलापूरचा उन्हाळा हाही यातला एक घटक आहे. मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला ओएनटी दुपारी तापून स्वतःच बंद-चालू होतो आणि लोक लाइनला दोष देतात. अडॅप्टर बदलताना व्होल्ट तेच आणि अँपिअर तितके किंवा जास्त असावेत. १२ व्होल्ट दीड अँपिअरच्या जागी अर्ध्या अँपिअरचा लावला की तेच दुखणे सुरू होते.

जिथे फायबर पोहोचलेले नाही, तिथे ५जीवर चालणारे एअरफायबर घ्यायला हरकत नाही. पण गच्चीवरच्या यंत्राला टॉवरचा सिग्नल किती मिळतो, हे जोडणीआधी त्याच जागी मोजून दाखवायला सांगावे. फायबर मिळत असेल तर फायबरच घ्यावे.

शेवटचा प्रश्न माणसाचा. मोठ्या कंपनीचे नाव असले तरी दुरुस्तीला अनेकदा स्थानिक फ्रँचायझीचाच मुलगा येतो. त्याच्याकडे फायबर जोडायचे स्प्लायसिंग मशिन आहे का, रविवारी कोण येते, एकूण किती जण आहेत, हे विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर पहिला महिना मासिक प्लॅन घ्यावा आणि एक दुरुस्ती अनुभवल्यावरच सहा महिन्यांचे भरावे. तक्रार व्हॉट्सॲपवर केली तरी कंपनीच्या तक्रार केंद्रातही नोंदवून डॉकेट क्रमांक घ्यावा. त्या क्रमांकाशिवाय पुढची दारे उघडत नाहीत. २०१२ च्या ट्राय नियमांनुसार तक्रार सुटली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत विनाशुल्क अपील करता येते आणि त्यांनी ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी आयोग ऐकू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आपल्या वृत्तपत्राद्वारे शहरातील सर्व ब्रॉडबँड कंपन्यांना आणि केबलचालकांना एक विनंती आहे. जोडणीच्या पावतीवर चार ओळी वाढवाव्यात: जोडणीच्या दिवशीचा आरएक्स पॉवर, वायर काचेची की तांब्याची, मधल्या डब्याला बॅटरी बॅकअप किती तासांचा, आणि मर्यादा संपल्यानंतरचा स्पीड. मीटर तंत्रज्ञाच्या हातातच असतो आणि लिहायला दोन मिनिटे पुरतात. जी कंपनी हे आधी सुरू करील, तिचे नाव आपण ठळक छापावे.

आपला,
ब्रॉडबँड जोडणीच्या कामातील एक तंत्रज्ञ
विजापूर रोड, सोलापूर